दोन पानं आणि एक काजूबी

आमच्या घरात माणसं किती, या प्रश्नाला आमच्याकडे दोन उत्तरं होती. दिवसभर घरात वावरणारी माणसं दोन, मी आणि आई. पण कोणी विचारलं की आई सांगायची, चार. बाबा मुंबईला छापखान्यात होते आणि माझ्याहून एका वर्षाने लहान असलेला बाळू चौथीनंतर त्यांच्याजवळ राहायला गेला होता. ते दोघं गणपतीला आणि शिमग्याला येत, म्हणजे वर्षाचे फार तर पंचवीस दिवस. मी तेव्हाही मोजायची. पण आईच्या हिशोबात त्या पंचवीस दिवसांचा काही संबंध नव्हता. रोज दुपारी भाताचे तांदूळ सुपात घेताना ती आमच्या दोघींचे तांदूळ मापाने घ्यायची आणि मग वर दोन मुठी घालायची. एक बाबांची, एक बाळूची. मी एकदा म्हटलं, “आई, ते काय आज येणार नाहीत.” तर म्हणाली, “यष्टीतून अवचित उतरला कोण, तर त्याला काय थांब म्हणू, भात टाकते?” उरलेला भात सकाळी फोडणीला पडायचा, तो मीच खायची, त्यामुळे माझी तक्रार फार पुढे गेली नाही.

हे फक्त आमच्याच घरी नव्हतं. पालीपासून आत चार मैलांवर आमचं गाव. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात शाळेचा संबंध आहे. गावातल्या जवळजवळ प्रत्येक चुलीचा एखादा तरी माणूस मुंबईत होता आणि तरीही तो गावातच धरला जायचा. देवळातल्या बैठकीत नारळाचा वाटा काढताना त्याचा वाटा निघायचा, पालखी खांद्यावर घ्यायच्या यादीत त्याचं नाव असायचं. तो गेला आहे असं कोणी म्हणत नसे. मुंबईला हाय, एवढंच. आज मी तीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली आहेत. हद्दीचा दगड हलला की कागदावर काय काय हलतं ते मला पाठ आहे. पण माणूस कुठे धरायचा, इथे की तिथे, हे मोजायची साखळी मला अजून मिळालेली नाही.

शाळेच्या नव्या शिक्षिका भाटकर बाई आमच्या पडवीत राहायला आल्या तेव्हा मी सहावीत होते. बाई मांडवीच्या. घरासमोर समुद्र, भाऊ मालवाहू जहाजावर. त्या आल्या त्या आठवड्यात सकाळी डोळे लाल असायचे. आईने विचारलं तर म्हणाल्या, “वहिनी, इथं आवाजच नाही हो काही. झोप कशी लागते तुम्हाला?” आईला ते इतकं नवलाचं वाटलं की तिने पाणवठ्यावर चार जणींना सांगितलं. आमच्याकडे आवाज नव्हता असं नाही. पहाटे शेजारचं जातं, कोल्हापूरच्या रस्त्याला चढणाऱ्या ट्रकांचा लांबून येणारा घुमारा, सव्वाअकराच्या एसटीचा वळणावरचा हॉर्न. पण लाटेसारखा एकसारखा आवाज नव्हता, हे खरं. बाई दर महिन्याला घरून येताना सुके बांगडे आणायच्या. आई ते निखाऱ्यावर भाजायची, वर खोबरेल सोडायची, आणि कुळथाच्या पिठीबरोबर तो एक तुकडा ताटात असला की मी भात दोनदा घ्यायची. बाई आल्यापासून मापाचे तांदूळ तिघींचे झाले. मुठी दोनच राहिल्या.

बाईंच्या भावाने त्यांना अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून एक पुस्तक आणून दिलं होतं. तिकडच्या मुलांसाठी लिहिलेला तिथला इतिहास, जाड कागद, रंगीत चित्रं. बाई ते शब्दकोश घेऊन वाचत बसायच्या. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सात-आठ मुलं आमच्या खळ्यात खेळत होतो, तर त्या पुस्तक घेऊन ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, “एक सांगते. नीट ऐका आणि मग ठरवा. जहाज बंदरात उभं आहे. जहाज तुमचं. आत चहाच्या पेट्या. बंदरातले लोक म्हणतात, हा चहा उतरवलात तर याद राखा, कारण त्याच्यावर राजाने आम्हाला न विचारता कर बसवलाय. म्हणून तुम्ही परत जायला निघालात, तर सरकार म्हणतं, कर भरल्याशिवाय जहाज हलवायचं नाही. मुदत संपत आली. आता काय कराल?”

आम्ही शाळेत इतिहास शिकत होतो तो सनावळीचा. काय कराल असं इतिहासाने आम्हाला कधी विचारलंच नव्हतं. माझ्या वर्गातला जनू आधी बोलला. “बाई, तांडेल काय म्हणतो?” बाई हसल्या. म्हणाल्या, जहाज हाकणारा तांडेल तुझ्या तोंडाकडे बघतोय. मग कोणी म्हणालं रात्रीचं गुपचूप निघायचं, कोणी म्हणालं कर भरून टाकायचा, आणि जनू म्हणाला, “चाय दर्यात टाकूक सांगू सगळी. भिजली तर भिजली, मागनं वाळत घालू.” बाई पुस्तकाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तू पुस्तक कुठे बघितलंस रे?”

तिथून ते दर शनिवारचं झालं. बाईंनी त्याला नियम घातले आणि ते मला अजून जसेच्या तसे आठवतात. फणसाची दोन पानं मांडायची. एक पान एका निर्णयाचं, दुसरं दुसऱ्याचं. प्रत्येकाने आपली काजूबी एका पानावर ठेवायची. मधे ठेवायची नाही. त्या माणसाला त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढंच आपल्याला माहीत आहे असं धरायचं. बी ठेवून झाली की बोलायचं मात्र समोरच्या पानाच्या बाजूने. आणि शेवटचा नियम, दुसऱ्याची बी आपण ठेवायची नाही. हा नियम करावा लागला कारण मोठी मुलं लहानांच्या हातातल्या बिया घेऊन आपल्या पानावर टाकायची. खरं काय घडलं ते बाई पुढच्या शनिवारी सांगायच्या. बरोबर काय, ते कधीच सांगत नसत. मी एकदा हट्टाने विचारलं. “बरोबर काय ते पुस्तकात नाही, कुंदा,” त्या म्हणाल्या, “काय झालं एवढंच आहे.” बियांची मोजणी माझ्याकडे होती. कुठल्या शनिवारी किती बिया कुठल्या पानावर, ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. चहाच्या दिवशी पानं नव्हती, त्यामुळे माझी यादी दुसऱ्या शनिवारपासून सुरू होते, ही खंत मला बरेच दिवस होती.

असे आम्ही कितीतरी जण झालो. बैलगाडीतून पश्चिमेकडे निघालेलं कुटुंब झालो. बैल थकलेत, गाडी हलकी करायची आहे, नांगर टाकायचा की आईचं लाकडी कपाट. (नांगर गाडीत राहिला, नऊ विरुद्ध दोन. त्या दोन म्हणजे मी आणि माझी आई, जी भाकरी थापता थापता आतून ओरडली, “कपाट ठेवा गो!” तिची बी मी ठेवली नाही, तिलाच बाहेर यायला लावलं.) त्याच दिवशी जनूने विचारलं की ही गाडी जाते तिथे आधी कोण राहत होतं. पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हाला त्या आधीच्या लोकांत बसवलं. सरकारचा कागद आलाय. सही करा, नदीपलीकडे जा, तिथे जमीन मिळेल. नाही केली तर सैनिक येतील. त्या दिवशी बराच वेळ कोणीच बी ठेवली नाही. मग जनूने सहीच्या पानावर ठेवली. आम्ही त्याच्याकडे बघायला लागलो तर म्हणाला, “सही केली म्हनून काय झाला? माझो बापूस मुंबईत हाय. गाव आमचो तो आमचोच ना?” बाई म्हणाल्या, “त्यांच्यातल्या काहींनाही तसंच वाटलं असेल. पण परत यायला त्यांना एसटी नव्हती, जनू.”

आणि एका शनिवारी आम्ही एका घरात होतो. बाहेर अंधार, दारावर थाप. दारात एक बाई, कडेवर मूल. ती गुलाम आहे, मालकाकडून पळून आली आहे. कायदा सांगतो, तिला आसरा देईल त्याला दंड आणि तुरुंग. तुम्ही नेहमी कायद्याने वागणारी माणसं आहात. दार उघडायचं का? मी बी ठेवली ती कायद्याच्या पानावर. मी एकटीच. मला वाटायचं, नियम आपल्याला सोयीचा असतानाच पाळला तर तो नियम कसला. आज लिहिताना लाज वाटते, पण जे ठेवलं ते ठेवलं, वहीत आहे. मला दार उघडण्याच्या बाजूने बोलावं लागलं आणि मी अडखळत बोलले. पुढच्या शनिवारी बाईंनी सांगितलं की पुस्तकातल्या घराने दार उघडलं, तिला माळ्यावर लपवलं, आणि शोधायला आलेल्या माणसांना साफ सांगितलं की इथे कोणी आलेलं नाही. पुस्तकात त्या घराचं चित्र होतं. जनूने विचारलं, ज्यांनी उघडलं नाही त्यांचं चित्र कुठाय? बाई म्हणाल्या, “त्यांचं कोण काढतंय.” ते वाक्य मला उद्देशून नव्हतं. पण मी ते घरी, म्हणजे चार पावलांवर स्वयंपाकघरात, घेऊन गेले आणि बरेच दिवस बाळगलं.

आता शाळेचं. शाळेत दोन शिक्षक, मुख्याध्यापक गुरुजी आणि भाटकर बाई. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर हे दोन आकडे लिहायचं काम सातवीत गेल्यावर माझ्याकडे आलं. पट ४१. हजर कधी ३१, कधी ३२. शिमग्याचे दिवस सोडले तर तेहेतीसच्या वर हजेरी कधी गेली नाही, कारण मुलंच तेहेतीस होती. उरलेली आठ मुंबईला. त्यातला एक आमचा बाळू. मुंबईच्या शाळेत तो ओळखीने बसत होता, दाखला मागून नेऊ असं चाललेलं, आणि दाखला कोणी मागितला नव्हता. गुरुजींनी हे कारस्थान म्हणून केलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. शिमग्याला आली की ती मुलं चार दिवस खरोखर वर्गात येऊन बसत आणि गुरुजी त्यांची खरोखर हजेरी घेत. नाव काढायचं म्हणजे मूल गावातून काढल्यासारखं. शिवाय गुरुजी म्हणत, पट चाळिसाच्या खाली गेला तर शाळेला एकच शिक्षक राहील. मग जाणार कोण, तर नंतर आलेली. म्हणजे बाई. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पाचवी ते सातवीची हजेरी बाई भरत. आठातली पाच नावं त्यांच्या पत्रकात होती, बाळू धरून.

दिवाळीनंतर निरोप आला की शाळा तपासायला साहेब येणार. आदल्या दिवशी गुरुजींनी प्रार्थनेनंतर, कोणाकडेही न बघता सांगितलं, “कोणी विचारलं तर गैरहजर मुलं आजारी आहेत. साथ आहे.” त्या दिवशी दुपारी बाई जेवल्या नाहीत. पडवीत हजेरीपत्रक उघडून बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, “बाई, तुम्ही कुठल्या पानावर ठेवली?” मला वाटलं होतं त्या हसतील. त्या म्हणाल्या, “हातातच आहे अजून.” आई आतून म्हणाली, “गो, जेवू दे त्यांना. पानंबिनं मागनं.”

साहेब सव्वाअकराच्या एसटीने आले. मी मनात त्यांचा चेहरा उग्र केला होता, पण तो साधा, घामेजलेला, चप्पल हातात घेऊन ओहोळ ओलांडून आलेला माणूस निघाला. आधी त्यांनी पाणी मागितलं, लहान मुलांना कविता म्हणायला लावल्या, जनूला गणित घातलं. मग फळ्यासमोर उभे राहिले. पट ४१, हजर ३२. “अक्षर कोणाचं?” मी उभी राहिले. “छान आहे. नऊ मुलं कुठे आहेत?” गुरुजी म्हणाले, साथ आहे साहेब. साहेबांनी बाईंच्या टेबलावरून हजेरीपत्रक उचललं, बोट फिरवत आले आणि माझ्या आडनावाशी थांबले. “हा तुझा भाऊ का?” मी हो म्हटलं. “त्याला काय झालंय?”

तेवढ्या वेळात मी काय काय विचार केला ते मी नंतर इतक्या वेळा आठवलं आहे की त्यातलं खरं किती आणि नंतरचं किती, सांगता येणार नाही. एक मात्र नक्की. मला वाटलं, हेच ते दार. बाहेर बाई उभ्या आहेत आणि गेल्या खेपेला मी दार उघडलं नव्हतं. मी म्हटलं, “ताप आलाय, साहेब.”

“किती दिवस?”

“चार.”

मी एवढं सरळ उत्तर दिलं, कारण आकडा विचारला की मला आकडा देता येतो. साहेबांचा चेहरा मऊ झाला. म्हणाले, “चार दिवस ताप म्हणजे बरं नाही. औषध काय देताय? घर कुठे तुझं?” मी हात करून दाखवलं. घर शाळेच्या ओट्यावरून दिसत होतं, आई खळ्यात भात वाळत घालत होती तीही दिसत होती. “चल,” साहेब म्हणाले, “बघून येऊ त्याला.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पायरीपर्यंत गेलेसुद्धा. आई वर बघून काय म्हणेल, एवढाच विचार होता. ती म्हणेल, बाळू? तो मुंबईला हाय.

“साहेब, थांबा.” बाई उभ्या राहिल्या होत्या. आवाज मोठा नव्हता. “तिला नेऊ नका. तो मुलगा मुंबईला आहे. दीड वर्ष झालं. माझ्या पत्रकात अशी पाच नावं आहेत. पत्रक मी भरते, सही माझी आहे.” गुरुजी खिडकीतून बाहेर बघत होते. तिसरीतल्या एका मुलीला काय झालं कळेना, ती रडायला लागली. साहेबांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. रागाने नाही. एखादी वस्तू आपली नाही असं कळल्यावर आपण ठेवतो तसा.

बाकी सगळं कागदावर झालं. त्यांनी दोन्ही पत्रकं तपासली, आठही नावं कमी केली, आणि दुपारच्या एसटीने परत गेले. महिन्याच्या आत बाईंच्या बदलीचं पत्र आलं, लांबच्या एका एकशिक्षकी शाळेत. गावात लोक म्हणाले, बाईनं आपल्या हातानं शाळा अर्धी केली. कोणी म्हणाले, पोरीनं निभावलं होतं, बाईला काय पडली होती. मी निभावलं, हे मला दुकानावर, पाणवठ्यावर ऐकायला लागायचं. एक म्हातारे मला बघून म्हणाले, “शाबास गो.” मी त्या रस्त्याने जायचं सोडलं.

बाई निघायच्या आदल्या शनिवारी खळ्यात कोणी आलं नाही. मी फणसाची दोन पानं आणून ओटीवर ठेवली. बाई ट्रंक भरत होत्या. मी म्हटलं, “बाई, मी दार उघडलं होतं.” त्या पुस्तक कापडात गुंडाळता गुंडाळता थांबल्या. मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

“दाराबाहेर कोण होतं, कुंदा?”

“तुम्ही.”

“मी काही पळून आलेली नव्हते. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नव्हती. मी रोज सकाळी सही करून आत बसत होते.” त्यांनी काजूबी हातात घेतली आणि पानावर ठेवली नाही, माझ्या तळहातावर ठेवली. “दीड वर्ष मी हातात बी धरून बसले. म्हणून ती तुला ठेवावी लागली. नियम मी मोडला, तू नाही.”

मी म्हटलं, मी खोटं बोलले. त्या म्हणाल्या, “हो. तेही वहीत लिही.” मी लिहिलं. बाळूचा ताप, चार दिवस. माझ्या हातून लिहिला गेलेला तो एकच खोटा आकडा आहे असं म्हणायला मला आवडलं असतं, पण नोकरीची तीस वर्षं झाली आहेत आणि हे आत्मकथन आहे.

सोमवारी सकाळी बाई गेल्या. ट्रंक उचलायला गुरुजी स्वतः आले. थांब्यापर्यंत डोक्यावर घेऊन गेले, वाटेत कोणाला हात लावू दिला नाही, आणि एसटी दिसल्यावर फक्त म्हणाले, “बाई, जपून.” मी शाळेत गेले. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, पट ३३, हजर ३३. पूर्ण हजेरी शाळेत पहिल्यांदाच लागली होती.

घरी आले तेव्हा आई भाताचे तांदूळ घेत होती. मी दप्तर न उतरवताच सांगितलं, “आई, बाळूचं नाव पटावरून काढलं.”

“शाळेच्या,” आई म्हणाली.

तिने आमच्या दोघींचे तांदूळ मापाने सुपात घेतले. पुन्हा दोघींचे. मग वर एक मूठ घातली, बाबांची. एक मूठ घातली, बाळूची. मी मोजत होते. सूप उचलायला वाकली, थांबली, आणि पुन्हा मडक्यात हात घालून तिसरी मूठ घातली.